वाटणी न होणारे वतन

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात तुला आणि तुझ्या आईला सलाम.

तुझे पत्र दोनदा वाचले. त्यात तू दोन प्रश्न विचारले आहेस आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे समजून मध्ये एक ओळ मोकळी सोडली आहेस. पहिला प्रश्न वसतिगृहातल्या मैत्रिणीचा आहे: तुम्ही ख्रिस्ती लोक देव एकच म्हणता आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशी तीन नावे घेता, मग तुमचे देव नक्की किती? दुसरा प्रश्न घरचा आहे. वडिलांना जाऊन वर्ष होत नाही तोच काका तुझ्याकडे आणि आईकडे हक्कसोडपत्रावर सह्या मागत आहेत, आणि सह्या मागताना पेत्राच्या पहिल्या पत्राचा आधार देत आहेत, की आपले वतन स्वर्गात राखून ठेवले आहे, मातीच्या तुकड्यासाठी विश्वासणाऱ्याने अडून बसू नये. मी आधी तलाठी आणि मग मंडळ अधिकारी म्हणून सारी नोकरी सातबारा आणि फेरफाराच्या कागदांत काढली, आणि त्याहून अधिक वर्षे आपल्या मंडळीच्या रविवारच्या शाळेत शिकवले. तेव्हा हे दोन्ही प्रश्न तू माझ्याकडे पाठवलेस हे योग्यच केलेस. पण ती मोकळी ओळ तेवढी काढून टाक. देव किती आहेत ह्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, की वारसा कोणाचा, किती आणि कसा मिळतो ह्याचे उत्तर त्याच्यातच सापडते, असे मला इतक्या वर्षांच्या वाचनानंतर मनापासून वाटते.

प्रथम मार्काच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढ आणि तो एका बैठकीत वाच. आपल्याकडे तो तुकड्यातुकड्यांनी वाचला जातो, त्यामुळे त्याची दोन टोके कधी एकत्र दिसत नाहीत. आरंभी द्राक्षमळ्याचा दाखला आहे. मालकाने मळा लावला, कुंपण घातले, कुंड खणले, माळा बांधला आणि मळा कुळांकडे सोपवून तो परदेशी गेला. हंगामात फळांचा वाटा मागायला त्याने एकामागून एक चाकर पाठवले. कुळांनी कोणाला मारले, कोणाचे डोके फोडले, कोणाचा जीव घेतला. शेवटी त्याच्याजवळ एकच उरला होता, त्याचा प्रिय पुत्र. त्याला येताना पाहून कुळे म्हणाली, हा वारीस आहे, ह्याला मारू म्हणजे वतन आपले होईल. हा दाखला सांगून फार वेळ झालेला नाही तोच, त्याच अध्यायात, यहूदी नियमशास्त्राचा एक शास्त्री येशूला विचारतो की सर्वांत पहिली आज्ञा कोणती, आणि येशू जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातले ते शब्द म्हणतो जे प्रत्येक यहूदी माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणत असे: हे इस्राएला, ऐक, आपला देव परमेश्वर हा एकच परमेश्वर आहे. शास्त्र्याला ते पटते, आणि येशू त्याला म्हणतो की तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस.

आता ही दोन टोके शेजारी ठेवून पाहा. देव एकच आहे असे ज्याने ठामपणे सांगितले, त्यानेच थोड्या वेळापूर्वी स्वतःची गोष्ट सांगताना चाकर पुष्कळ आणि पुत्र मात्र एक अशी मांडणी केली होती. तो स्वतःला चाकरांच्या रांगेत बसवत नाही, आणि एका देवाच्या जोडीला दुसरा देवही उभा करत नाही. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हा एकच देव आहे असा, विश्वास तेथे सुरू झाला. तो कोणा तत्त्वज्ञाने तीन आणि एक ह्यांचे कोडे घालण्यासाठी रचलेला नाही. एकाच देवाची शपथ लहानपणापासून वाहिलेल्या माणसांना येशूच्या सहवासात, त्याच्या मरणात आणि पुनरुत्थानात त्याच एका देवाची भेट झाली, आणि झालेली भेट खोटी न पाडता ती सांगायची कशी, ह्या धडपडीतून तो विश्वास शब्दांत आला. पौल करिंथकरांना पहिले पत्र लिहितो ते साधारण इ.स. ५५ च्या सुमारास, म्हणजे वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांच्या आत. त्याच्या आठव्या अध्यायात त्याने ह्याच जुन्या घोषणेतले 'देव' आणि 'परमेश्वर' हे दोन शब्द घेतले आणि लिहिले की आपल्याला एकच देव आहे, म्हणजे पिता, ज्याच्यापासून सर्व काही आहे, आणि एकच प्रभू आहे, म्हणजे येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सर्व काही आहे. हे लिहिताना आपण एकेश्वरी विश्वास सोडला असे त्या कट्टर परूशी, म्हणजे यहूदी नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या, माणसाला क्षणभरही वाटले नाही. मत्तयाच्या अखेरीस बाप्तिस्म्याची आज्ञा आहे तेथेही पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे तिघे आहेत, पण मूळ ग्रीक भाषेत 'नाव' हा शब्द एकवचनी आहे.

मैत्रिणीला उत्तर देताना दृष्टांतांचा मोह टाळ, असे मी आग्रहाने सांगतो. पाणी, बर्फ आणि वाफ हा दृष्टांत मीही तरुणपणी अनेक वर्षे शिकवला आणि त्याचा आज मला पश्चात्ताप होतो. तेच पाणी एका वेळी बर्फ असते तेव्हा वाफ नसते; पण येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीवर पुत्र पाण्यातून वर येत होता, आत्मा कबुतरासारखा उतरत होता आणि पित्याची वाणी आकाशातून होत होती, हे सर्व एकाच घटकेला. मुखवटे बदलणाऱ्या एकाच नटाची ती गोष्ट नव्हती. एका देठाच्या तीन पानांचा दृष्टांत उलट बाजूने चुकतो, कारण त्यात प्रत्येक पान म्हणजे देवाचा एकतृतीयांश ठरतो. तुमचे त्रैक्य म्हणजे आमची त्रिमूर्तीच ना, असे ती म्हणाली तर नम्रपणे सांग की सृष्टी, पालन आणि संहार अशी कामांची विभागणी आमच्या विश्वासात नाही, पित्याचे काम ते पुत्राचे आणि आत्म्याचेही आहे. फरक सांगण्याच्या भरात तिच्या घरच्या श्रद्धेला कमी लेखणारा एकही शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. तुला सर्व समजलेच पाहिजे असेही नाही. सर्व समजले असे म्हणणाऱ्यापेक्षा, जे सांगितले गेले त्याच्याशी प्रामाणिक राहणारा बरा.

ह्या प्रश्नाने तुलाच पहिल्यांदा घेरले आहे असेही समजू नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला, आणि त्यानंतर दोन वर्षांनीही त्या ज्या सिस्टर जेराल्डाईन ह्या ख्रिस्ती मठातल्या बाईंना गुरुस्थानी मानत होत्या त्यांच्याशी पत्रांतून ह्याच विषयावर वाद घालत होत्या. देव एक आहे ह्याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तीन व्यक्ती आणि एक देव हे केवळ मंडळीने ठरवले म्हणून स्वीकारायला मात्र त्या तयार नव्हत्या, शास्त्रात दाखवा असा त्यांचा हट्ट होता. त्यांच्यावर बरीच नाराजी झाली. मला त्या नाराज माणसांपेक्षा हट्ट धरणाऱ्या रमाबाईच त्या वेळी देवाच्या अधिक जवळ होत्या असे वाटते, कारण पुढे ह्याच बाईने इब्री आणि ग्रीक शिकून साऱ्या पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींच्या हातांनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले गेले, आणि १९२२ साली त्या वारल्यानंतर दोन वर्षांनी ते संपूर्ण ग्रंथरूपाने बाहेर पडले. शंकेची वाट चालत त्या ख्रिस्तापर्यंत पोहोचल्या आणि १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, तिच्या नावातच न संपणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. शंका घेतल्याने त्यांचा वारसा बुडाला नाही, तुझाही बुडणार नाही.

निकियाच्या परिषदेचा उल्लेख तू केला आहेस म्हणून तेवढेच सांगतो. इ.स. ३२५ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, आलेक्सांद्रियाचा एरियस नावाचा पाळक जे शिकवत होता त्याचा निर्णय करायला बिशप जमले होते. पुत्र हा श्रेष्ठ असला तरी निर्माण केलेला आहे आणि एके काळी तो नव्हता, असे एरियसचे म्हणणे होते. परिषदेने पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असे ठरवले, आणि हे धरून ठेवण्यापायी अथनासियसला पुढे पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. एका शब्दासाठी एवढा अट्टहास कशाला, असे आजच्या माणसाला वाटेल. पण अथनासियसच्या विचाराचा गाभा आपल्या वारशाशी जोडलेला आहे: पुत्र स्वतःच निर्मिलेला असेल, तर देवाजवळ जे आहे ते त्याचे स्वतःचे नाही, आणि जे त्याचे स्वतःचे नाही ते तो आपल्याला देऊ शकत नाही. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याने करून दिलेले खरेदीखत कितीही सुंदर अक्षरात लिहिलेले असले तरी घेणाऱ्याच्या हाती काही येत नाही, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

आता वतनाकडे येतो. आपल्या भाषांतरकारांनी ग्रीकमधल्या 'क्लेरोनोमिया' ह्या शब्दासाठी 'वतन' हा शब्द घेतला. त्या ग्रीक शब्दात 'क्लेरोस' म्हणजे चिठ्ठी आहे, आणि कनान देशाची जमीन वंशावंशांना चिठ्ठ्या टाकून वाटली गेली तिची आठवण त्याच्यात आहे. पण मराठी कानाला 'वतन' म्हटल्यावर कनान आठवत नाही, गाव आठवते. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, आणि माझ्या आजोबांचे महारकीचे वतन. आपल्या नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांचे मूळ त्या शेवटच्या वतनाच्या घरांत किंवा मांगवाड्यात आहे, हे तुला ठाऊक आहे. आजोबांच्या वाट्याला आलेल्या तुकडाभर जमिनीच्या आणि दारोदार मागून आणलेल्या बलुत्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवायचे, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि शिवेचा वाद निघाला की शीव कोठून जाते ते सांगायला उभे राहायचे. गावाची प्रत्येक शीव त्यांना तोंडपाठ होती आणि राहायला जागा मात्र शिवेलगत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले ते ह्याच गुलामीविरुद्ध, आणि ही कनिष्ठ गावकामगार वतने अखेर १९५८ च्या कायद्याने संपली.

हे सारे अशासाठी सांगितले, की ज्या माणसांनी पहिल्यांदा मराठीत 'स्वर्गातले वतन' हे शब्द ऐकले त्यांच्या मनात काय उमटले असेल ह्याचा तू विचार करावास. त्यांच्या माहितीचे वतन म्हणजे चाकरी. चाकरी चुकली की वतन जप्त. आणि शुभवर्तमान त्यांना सांगत होते की हे वतन चाकराला मिळत नाही, लेकराला मिळते. गलतीकरांच्या चौथ्या अध्यायात पौलाने नेमके हेच म्हटले आहे: तू आता दास नाहीस, पुत्र आहेस, आणि पुत्र आहेस म्हणून वारीसही आहेस. आजोबांना अक्षरओळख उतारवयात झाली, पण हे वचन त्यांना आधीपासून पाठ होते आणि ते म्हणताना 'आता' ह्या शब्दावर ते नेहमी थोडे थांबत. त्या थांबण्यात काय होते ते मला खूप उशिरा कळले.

देव एक आहे ह्याचा वारशाशी पहिला संबंध येथे येतो. रोमकरांच्या तिसऱ्या अध्यायात पौल विचारतो, देव काय केवळ यहूद्यांचा आहे? परराष्ट्रीयांचा नाही काय? आणि उत्तर देतो की त्यांचाही आहे, कारण देव एकच आहे. हा युक्तिवाद सावकाश वाच. गावाचे देव वेगळे आणि महारवाड्याचे देव वेगळे असते, तर देवागणिक लेकरे वेगळी, वारसे वेगळे आणि शिवाही वेगळ्या राहिल्या असत्या. पिता एकच असेल तर घर एकच आहे, आणि कोणालाही वेशीबाहेर ठेवायला त्याच्या घरी दुसरी जागाच नाही. ज्या मंडळीत अजूनही मूळ जातीवरून सोयरीक जुळते किंवा मोडते, ती मंडळी तोंडाने एक देव म्हणते आणि वागण्याने अनेक देव मानते. हे कठोर वाटेल, पण मी ते विचार करून लिहीत आहे.

पेत्राचे जे वचन काका तुला ऐकवतात ते आता नीट पाहू. त्याने हे पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया ह्या प्रांतांत पांगलेल्या, उपऱ्यासारखे राहणाऱ्या लोकांना लिहिले. त्यांच्या वतनाला तो तीन विशेषणे लावतो: नाश न पावणारे, डाग न लागलेले, आणि न कोमेजणारे. जमिनीचे काम केलेल्या माणसाला ही तीन विशेषणे म्हणजे जमिनीच्या तीन दुखण्यांची नावे वाटतात. नदीकाठची जमीन पुरात खरवडून जाते, सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते आणि जागेवर नुसते गोटे उरतात. काही जमिनी शाबूत असतात पण त्यांना डाग असतो; कोणा विधवेला फसवून अंगठा घेतलेला असतो, आणि तीन पिढ्यांनंतरही त्या बांधावरून जाताना माणसे खालच्या आवाजात बोलतात. आणि १९७२ च्या दुष्काळात मी जे पाहिले ते तिसऱ्या प्रकारचे होते: जमीन होती, कागद स्वच्छ होते, मालक उभा होता, आणि शेतात हिरवे म्हणून काही नव्हते. ज्याला ह्या तीनही गोष्टी कधी होणार नाहीत असे वतन आपल्यासाठी राखून ठेवले आहे, असे पेत्र म्हणतो.

मात्र 'स्वर्गात राखून ठेवले आहे' ह्याचा अर्थ पृथ्वी आपली नव्हे असा घेणे चूक आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात तुझ्या वडिलांच्या जमिनीचे जुने कागद लाल कापडाच्या बस्त्यात बांधून ठेवलेले आहेत. तेथे ते सुरक्षित आहेत म्हणून कोणी त्या खोलीत नांगर घेऊन जात नाही, जमीन गावात आहे. येशूने डोंगरावर सांगितले की जे सौम्य आहेत ते पृथ्वीचे वतन भोगतील, आणि प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात माणसे वर जात नाहीत, पवित्र नगरी खाली उतरते. रोमकरांच्या आठव्या अध्यायात देवाच्या लेकरांच्या प्रकट होण्याची वाट सारी सृष्टी पाहत आहे. तेव्हा आपली आशा पृथ्वी सोडून पळण्याची नाही. नवे आकाश आणि नवी पृथ्वी ह्यांची आहे, आणि तिचे कागद जेथे कोणी खाडाखोड करू शकत नाही तेथे ठेवलेले आहेत.

आणि त्या वतनाचा विसार आपल्याला आताच मिळाला आहे. इफिसकरांच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटले आहे, आणि आपल्या शास्त्रातल्या सर्वांत सुंदर शब्दांपैकी मी तो एक समजतो. विसारपावती तू कधी होताना पाहिलेली नसशील. नव्याने नोकरीला लागलो तेव्हा एका ओटीवर मी पहिल्यांदा पाहिली: मधोमध पितळी ताट, त्यात हळद-कुंकू आणि नोटा, जमीन घेणारा अंगठा ओला करून त्या एकेक मोजत होता, आणि जमीन देणाऱ्याच्या म्हाताऱ्या आईने त्यातली एक नोट उचलून डोळ्यांना लावली आणि परत ठेवली, कारण जमीन जाणार हे त्या क्षणी तिच्यासाठी नक्की झाले होते. खरेदीखत अजून महिनाभर दूर होते. विसार असा असतो. रक्कम थोडी असली तरी शब्द बांधला जातो, आणि जो विसार देतो तोही अडकतो, मागे हटला तर विसार बुडतो. पौलाने वापरलेला मूळ शब्द 'अर्राबोन' हा ग्रीकांनी सेमिटिक भाषांतून घेतलेला व्यापारी शब्द आहे. उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात यहूदा तामारेपाशी मुद्रा, दोरी आणि काठी ठेवतो ती ह्याच शब्दाने, आणि आजच्या ग्रीक भाषेत तोच शब्द वाङ्निश्चयासाठी वापरतात.

विसार आणि उरलेली रक्कम नेहमी एकाच जातीची असते. विसार नोटांचा तर बाकीही नोटांचीच. आपल्याला मिळालेला विसार पवित्र आत्मा आहे, आणि तो स्वतः देव आहे, हे लक्षात घे. मग पुढे मिळायचे ते दुसरे काही कसे असेल? सोन्याचे रस्ते आणि मोत्यांच्या वेशी ही वर्णने मला लहानपणी फार आवडत. आज वाटते की ती त्या वतनाच्या कुंपणाची वर्णने आहेत. जुन्या करारातल्या 'गणना' ह्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात याजक अहरोनाला जमिनीचा वाटा दिला नाही आणि देव म्हणाला, तुझा वाटा आणि तुझे वतन मीच आहे. सोळाव्या स्तोत्राचा कवीही परमेश्वरालाच आपला वतनभाग म्हणतो. जे तेव्हा एका याजकाला सांगितले ते ख्रिस्तात सर्व लेकरांना मिळाले आहे. ज्याचे वतन तो पिता, ज्याच्या नावावर वतन आहे तो पुत्र, आणि ज्याला विसार म्हणून आपल्या हाती दिले तो आत्मा. मैत्रिणीने विचारले की हे तीन देव का नाहीत, तर मी हेच सांगेन, की देणारा, ज्याच्याद्वारे मिळते तो आणि जे मिळते ते, तिन्ही ठिकाणी आम्हाला तोच एक देव भेटतो.

म्हणून ह्या वतनाची वाटणी होत नाही. रोमकरांच्या आठव्या अध्यायात आपल्याला ख्रिस्ताबरोबरचे सोबतीचे वारीस म्हटले आहे. गावातल्या सोबतीच्या वारसांचे काय होते ते तू पाहतेच आहेस. वारीस वाढले की हिस्से लहान होतात, चार एकरांचे बारा तुकडे होतात आणि बांधावरच्या एका आंब्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात. पण देव एक आहे, अखंड आहे, त्याचे तुकडे पडत नाहीत, आणि जेथे तोच वारसा आहे तेथे प्रत्येक वारसाला सगळेच मिळते. तुला मिळाल्याने माझे कमी होत नाही. आणखी एक गोष्ट जगातल्या कोणत्याही वारसाहक्काच्या उलट आहे: बाप गेल्यावर मुलाला मिळते हा सर्वत्र नियम, आणि इब्री लोकांसच्या पत्रात मृत्युपत्राची तुलना आहे ती ह्याच नियमावर. पण येथे पिता मरत नाही. मरतो तो वारीस, आणि ज्या कुळांनी वतन आपले व्हावे म्हणून त्याला मारले, त्यांच्यासारख्यांनाच तो उठून त्या वतनात घेतो. मार्काच्या बाराव्या अध्यायाचा दाखला मी ह्यापुढे मोठ्याने वाचू शकत नाही, आवाज राहत नाही.

आता तुझ्या काकांविषयी. ते वाईट आहेत असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी वचन चुकीच्या जागी लावले आहे. एका माणसाने येशूला म्हटले होते, माझ्या भावाला माझा वाटा द्यायला सांगा, आणि येशूने वाटणी करणारा व्हायला नकार देऊन लोभापासून जपायला सांगितले, हे लूकच्या बाराव्या अध्यायात आहे. तो इशारा मागणाऱ्याला आहे तसा दाबून ठेवणाऱ्यालाही आहे. त्यांना गणनेचा सत्ताविसावा अध्याय दाखव. सलाफहादाला मुलगा नव्हता, त्याच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून म्हणाल्या की आमच्या बापाचे नाव का नाहीसे व्हावे, आम्हाला वतन द्या. मोशेने तो प्रश्न देवापुढे नेला आणि देवाने उत्तर दिले की त्या मुली रास्त बोलतात. स्वर्गातले वतन ज्याने देऊ केले त्यानेच मुलींच्या जमिनीच्या हक्काची बाजू घेतली, आणि तो देव एकच आहे.

कायद्याचे म्हणशील तर ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागतो. त्याप्रमाणे विधवेला एकतृतीयांश आणि उरलेले मुलांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता. तू एकटीच आहेस, म्हणजे वडिलांच्या हिश्श्यातले बाकी सगळे तुझे. ते तुला हवे असेल तर ठेव. विचार करून, कोणाच्या धाकाने नव्हे, काकांना द्यावेसे वाटले तर तेही दे. अब्राहामाने लोटाला आधी निवडू दिले होते, आणि ज्याचे मोठे वतन पक्के आहे त्याला लहान वतन सोडता येते. पण सोडणे आणि सोडायला लावले जाणे ह्यांतला फरक तुझ्या आईच्या चेहऱ्यावर वाचता आला पाहिजे, आणि तुझ्या पत्रावरून मला तो चेहरा आज बरा दिसत नाही.

तूर्त कशावरही सही करू नकोस आणि आईलाही करू देऊ नकोस. वारसनोंदीचा अर्ज झाला आहे का ते आधी बघ. फेरफार धरल्यावर नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात, ते निसटू देऊ नकोस. पुढच्या शनिवारी दोघी इकडे या. येताना चालू सातबारा, आजोबांच्या नावावरून तिघा भावांची नावे लागली त्या फेरफाराचा उतारा आणि काकांनी दिलेला मसुदा आणा. काकांनाही मी निरोप देतो, त्यांनी यावे अशी माझी इच्छा आहे. आधी आपण चौघे बसून मार्काचा बारावा अध्याय वाचू, आणि ह्या खेपेस तो काकांनी वाचावा असे मी त्यांना सांगणार आहे. कागद त्यानंतर उघडू.

तुझा,
रविवारच्या शाळेतला गुरुजी